पेटीवरून उठताना: मराठवाड्यातल्या एका हौशी संगीत नाट्यमंडळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. गावाचं, मंडळीचं आणि माणसांचं नाव इथं मुद्दाम दिलेलं नाही. घटनाक्रम २०२२ सालचा आहे.

मंडळी उभी राहिली १९९८ मध्ये. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं ते सुवर्णमहोत्सवी वर्ष. १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमासाठी अनुदानित शाळेतल्या संगीत शिक्षिकेनं मुलं, पालक आणि गावातलं भजनी मंडळ एकत्र करून तासाभराचं संगीत नाटक बसवलं. पुढे त्याच बाईंनी रीतसर संस्था काढली. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशी दोन्हीकडे नोंदणी केली. दरवर्षी ५ नोव्हेंबरला, म्हणजे मराठी रंगभूमी दिनाला, एक प्रयोग करायचा हे ठरून गेलं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तो हा दिवस. शहरात त्या दिवशी नटराजपूजन होतं, या गावात नाटक होतं.

बाई म्हणजे मंडळीचं सगळंच. संहिता त्यांची, चाली त्यांच्या, तालीम त्यांची आणि प्रयोगाला ऑर्गनवर, म्हणजे पायपेटीवर, त्याच. नाटकाचा मालमसाला नाथांच्या भारुडांतून, गौळणींतून आणि गोंधळाच्या चालींतून घेतलेला, वर नाट्यपदाच्या वळणाची थोडी स्वतंत्र पदं. नाथांची भारुडं सोळाव्या शतकातली, त्यामुळे हक्काचा प्रश्न नाही. बाकी शब्द बाईंचेच. इकडे गाणारा माणूस गायनशाळेतून कमी आणि कीर्तन-भजनातून जास्त येतो. आवाज मोकळा, पट्टी चढी, ताल पक्का, पण ‘इथं थांबून बोल, मग गा’ हे अंगवळणी नसतं. बाईंनी चोवीस वर्षं तेच शिकवलं.

२०२२ च्या नाटकात २६ पदं होती. जुन्या संगीत नाटकांत पदं शंभरावर असायची आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालायचा, त्या मानानं ही किरकोळच. पण उघड्या मैदानावर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो. साडेसहाला पडदा उघडला तरी हातात साडेतीन तास, त्यात मध्यंतर आणि सत्कार.

नेमकं काय अडलं

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात बाईंना डाव्या अंगावर अर्धांगाचा हलका झटका आला. वय ६७. लातूरला बारा दिवस दवाखान्यात होत्या. वाचा शाबूत, स्मरण शाबूत, उजवा हात नीट. डावा हात आणि डावा पाय मात्र कमजोर.

पेटीवाल्याला याचा अर्थ सांगायला नको. हातपेटीवर उजव्या हातानं वाजवतात आणि डाव्यानं भाता मारतात. पायपेटीवर दोन्ही हात मोकळे राहतात, पण दोन्ही पाय पायट्यांवर चालावे लागतात. बाईंना दोन्ही दारं बंद झाली.

मंडळीला वाटलं, पेटीवाला मिळाला की झालं. पहिल्या बैठकीतच कळलं की प्रश्न पेटीचा नाही. २६ पदांपैकी एकाचंही स्वरलेखन नव्हतं. बाईंच्या संहितेत पदाच्या शेजारी पेन्सिलीची एक फुली आणि फार तर तालाचं नाव. कोणत्या वाक्यातल्या कोणत्या शब्दावर सूर द्यायचा, पेटीचं किती आवर्तन (तालाची फेरी), ठेका कुठून, ध्रुवपद किती वेळा, शेवट तिहाईनं (एकच तुकडा तीनदा घेऊन) की नुसता सुरावर सोडून, हे सगळं बाईंच्या डोक्यात. शिवाय बाई वाजवता वाजवता ओठ हलवून नटाला शब्द सुचवत. प्रॉम्प्टर वेगळा कधी लागलाच नव्हता. नट पद विसरला तर बाई दोन सूर भरून घेत, अंतरा गाळला तर त्याच्यामागे उडी मारत. एका माणसात चार कामं मुरली होती, आणि ती चार आहेत हे ती थांबल्यावर दिसलं.

पैशाचंही तसंच. बँक खात्यावर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघांच्या सह्या चालत. अध्यक्ष बाई. सचिव तीन वर्षांपूर्वी वारले, त्यांच्या जागी नवा माणूस ठराव करून घेतला होता, पण बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेलाच नव्हता. कायद्यानं तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत दाखल करायचा असतो. कोषाध्यक्ष मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले. ते दिवाळीत आले की चेकबुकावर कोऱ्या सह्या करून जात आणि बाई वर्षभर ते वापरत. ही पद्धत गावोगावच्या मंडळ्यांत सर्रास आहे आणि चुकीची आहे. ऑगस्टमध्ये सही केलेले दोनच चेक उरले होते.

तिसरी गोष्ट दिनदर्शिका. ३१ ऑगस्टला गणपती बसले, ९ सप्टेंबरपर्यंत गावातला प्रत्येक वाजवणारा मंडपात. २६ सप्टेंबरपासून नवरात्र. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, त्यात परतीचा पाऊस, म्हणजे ज्या दिवशी उघडीप त्या दिवशी निम्मे नट शेतात. २२ ते २६ दिवाळी. आणि कार्तिकी एकादशी ४ नोव्हेंबरला, प्रयोगाच्या आदल्या दिवशी. मंडळीचा तबलजी मुळात वारकरी पखवाजवाला, पंढरपूर चुकवणारा नव्हे. सगळं वजा जाता तालमीला ३५ च्या आसपास संध्याकाळी उरत होत्या.

समोर असलेले पर्याय

*प्रयोग पुढच्या वर्षावर टाकणं.* सोपं होतं आणि बाईंच्या घरच्यांना तेच हवं होतं. विरोधात दोन मुद्दे. मुख्य स्त्रीभूमिका करणारी बाई सरकारी नोकरीत, बदली ठरलेली. आणि चोवीस वर्षांत खंड नव्हता, तो पडला की भजनी मंडळातली माणसं पांगतात, परत गोळा होत नाहीत. दुसरा मुद्दा भावनेचा वाटतो, पण खेड्यापाड्यातल्या मंडळीत तो हिशेबाचाच असतो.

*बाहेरून ऑर्गनवाला आणणं.* पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरहून चांगला साथीदार मिळाला असता. मानधन, प्रवास, मुक्काम धरून तो दोन तालमी आणि प्रयोग एवढंच देणार. प्रचलित नाट्यपदं त्याला पाठ असतात, पण इथली पदं कुणीच ऐकलेली नाहीत आणि समोर ठेवायला कागद नाही. दोन तालमींत २६ अनोळखी पदं आणि त्यांचे इशारे बसणं कठीणच होतं.

*ट्रॅकवर गाणं.* लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलानं हे सुचवलं. स्टुडिओत साथ ध्वनिमुद्रित करायची आणि प्रयोगात लावायची. शहरी नृत्यनाट्यात हे चालतं. नाट्यपदात नट शब्दावर रेंगाळतो, प्रेक्षक ‘वन्स मोअर’ म्हणतात, भारुडात सासू मध्येच प्रेक्षकांशी बोलते. ट्रॅक थांबत नाही. वीज गेली तर तोही गेला.

*पदं गाळून गद्य प्रयोग.* यावर कुणी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोललं नाही.

*बाईंचा स्वतःचा पर्याय.* घरी आल्यावर त्यांनीच मांडला: हातपेटी घ्यायची, मी उजव्या हातानं वाजवते, भाता दुसऱ्यानं मारायचा. चार दिवस करून पाहिलं. द्रुत केरव्यातल्या भारुडाला चाललं. संथ पदाला नाही. कारण ओळीच्या शेवटी सूर फुलवायचा की विझवायचा हे भात्याच्या दाबावर ठरतं, आणि तो दाब बोटांच्या क्षणभर आधी बदलावा लागतो. भाता मारणारा ऐकून मग दाबतो, तोवर ओळ संपते.

*घरचेच दोन वाजवणारे तयार करणं.* अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘मध्यमा पूर्ण’ ही परीक्षा झालेली, बाईंकडेच शिकलेली एकोणीस वर्षांची मुलगी ऑर्गनला, आणि तो कीबोर्डवाला जोडीला. अट एकच, बाईंच्या डोक्यातलं सगळं आधी कागदावर यायला हवं.

निर्णय कसा झाला

शेवटचा पर्याय ११ सप्टेंबरला पाच जणांच्या बैठकीत ठरला. निर्णय बरोबर होता, पण घेण्याची रीत चुकली. बाईंना त्रास नको म्हणून त्यांना बैठकीला बोलावलं नाही. पदं १७ करायची हेही तिथंच ठरलं, कोणती गाळायची त्याची यादीसुद्धा झाली. दोन दिवसांनी बाईंना ते भाजीवालीकडून कळलं. त्यानंतर आठवडाभर त्यांनी एकही पद सांगायला नकार दिला. ३५ संध्याकाळींतल्या सहा अशा गेल्या.

कोंडी फोडली ती त्या मुलीनं. ती यादी घेऊन गेली आणि म्हणाली, बाई, यातलं काय गाळायचं ते तुम्हीच खोडा. बाईंनी यादी बदलली. समितीनं लांबी पाहून पदं गाळली होती. बाईंनी निराळा निकष लावला: जिथं तीन माणसं पट्टी बदलत गातात ती पदं काढा, एकाच माणसाची लांब पदं ठेवा. वाजवणारं नवं असताना लांबीपेक्षा सांधे धोक्याचे, हे पेटीवर बसणाऱ्यालाच कळतं. नऊ पदं गेली, पण समितीच्या यादीतली त्यात चारच होती.

गाळण्याचा आणखी एक फायदा होता. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आधीच मिळालेलं होतं. नवीन प्रवेश किंवा पदं घातली असती तर पुन्हा मंजुरीची वाट पाहावी लागली असती. म्हणून नियम केला, शब्द कमी करायचे, वाढवायचा एकही नाही.

वही

१९ सप्टेंबरपासून रोज चाळीस मिनिटं. डॉक्टरांनी तेवढीच परवानगी दिली होती. एका बैठकीत एक पद, जास्त नाही. रीत अशी बसली:

बाई ओळ गाऊन दाखवत. मुलगी हातपेटीवर उचले. एक निवृत्त शिक्षक ती भातखंडे पद्धतीनं स्वरलेखनात घेत. मग मुलगी पाच मिनिटं बाहेर जाई आणि परत येऊन बाईंचं गाणं न ऐकता फक्त कागदावरून वाजवी. बाईंना जिथं खटके तिथं कागद चुकलेला. ही शेवटची पायरी वेळखाऊ वाटते, पण तिच्याशिवाय मुलगी कानानं वाजवत राहते आणि कागद चुकीचाच राहतो.

लय हा मोठा घोळ. बाई घरी बसून गात त्या लयीत आणि रंगमंचावरच्या लयीत फरक पडत होता. फोनवरच्या मेट्रोनोमनं एकाच पदाची लय तीन वेगळ्या दिवशी मोजली तर मिनिटाला १०४, ९६ आणि ११२ मात्रा अशी आली. जुन्या प्रयोगांची मोबाईलवरची मोडकी ध्वनिमुद्रणं काढली, त्यात हीच पदं १२० च्या पुढे. मग प्रयोगाची लय वहीत मुख्य धरली.

वहीतल्या प्रत्येक पदाला एक पान. एका पानाचा नमुना (काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा):

> पद ४ (भारूड). गाणारी: सासू.
> पट्टी: काळी चार. ताल: केरवा, ८ मात्रा. लय: १२०.
> इशारा: ‘माझं काय चुकलं’ यातल्या ‘काय’वर सा धरायचा, वाक्य संपेपर्यंत सोडायचा नाही.
> पेटी: एक आवर्तन. ठेका: ध्रुवपदाच्या दुसऱ्या फेरीच्या समेवर, आधी नाही.
> दुसऱ्या अंतऱ्यानंतर प्रेक्षकांशी बोलणं. सा-प हळू भरत राहायचं. ठेका बंद.
> परत उचल: सासू पदर खोचते तेव्हा.
> शेवट: तिहाई, तिसरी सम गाण्यावर.
> मोडलं तर: अंतरा गाळला तर ध्रुवपदावर जायचं, शोधत बसायचं नाही. शब्द विसरला तर सा धरून प्रॉम्प्टरकडे बघायचं.

‘मोडलं तर’ ही ओळ मुळात नव्हती. आठव्या पदाला पुरुष नट तालमीत दोनदा अंतरा गाळून पुढं गेला आणि मुलगी बरोबर वाजवत मागे राहिली. बाई खुर्चीतून म्हणाल्या, “अगं पळायलीस कुठं, आधी त्याला गाठ.” त्या संध्याकाळी सगळ्या पानांना ही ओळ जोडली.

पट्टी आणि तबला

बाईंनी नट निवडताना एक गोष्ट वर्षानुवर्षं सांभाळली होती आणि कुणाला सांगितली नव्हती. मुख्य पुरुष काळी एकवर गाणारा, मुख्य स्त्री काळी चारवर. काळी चारला सा धरला की काळी एक हा तिचा शुद्ध मध्यम होतो. म्हणजे काळी एकला लावलेला एकच तबला दोघांना चालतो, त्याला षड्ज, तिला मध्यम. पदामागून पद आलं तरी तबलजीला हातोडी उचलावी लागत नाही.

नव्या जोडीनं हे वहीत लिहिलं आणि लगेच एक गौळण फसली. ती भूपात होती. भूपात मध्यमच नाही, त्यामुळे मध्यमाला लावलेला तबला ठणकला की चालीत परका सूर ऐकू येतो. बाई त्या पदाला मोठ्या तोंडाचा, काळी चारला लावलेला दुसरा तबला घेत. आधीच्या तबलजीला ते सवयीनं माहीत होतं, आताच्याला सांगितलंच नव्हतं. मग वहीत तबल्याचा रकाना वाढला: तबला १ की तबला २. दोन तबले बदलायला चार-पाच सेकंद लागतात, म्हणून गौळणीआधीचं पद आणि गौळण यांच्या मध्ये आधीच असलेली दोन वाक्यं सरकवून आणली.

कार्तिकीचा प्रश्न राहिलाच होता. तबलजीनं सांगितलं, एकादशीचं दर्शन घेऊन ४ च्या रात्री निघतो. मंडळीनं त्याच्यावर विसंबून न राहता शाळेतल्या एका मुलाला नऊ सोप्या पदांपुरता ठेका बसवून ठेवला, फक्त केरवा आणि दादरा, लग्गी वगैरे काही नाही. तबलजी ५ ला सकाळी अकराला पोहोचला. मुलगा बसूनच राहिला आणि हिरमुसला. त्याला भारुडाला टाळ दिला.

कीबोर्ड आणि ऑर्गनचं जमवायला दोन दिवस गेले. जुन्या ऑर्गनचे सूर ४४० हर्ट्झच्या मानकापेक्षा किंचित चढे होते. दोन्ही एकदम वाजले की सुरांत लहर उठे. ऑर्गन सुरात लावून घ्यायला कारागीर हवा आणि वेळ नव्हता, म्हणून कीबोर्डच्या ट्यूनिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन तोच चढवला. शिवाय कीबोर्डला भरण्यापुरतंच ठेवलं, चाल वाजवायची नाही. त्या मुलाला हे रुचलं नाही. ट्रान्सपोज बटण दाबून तो कोणतीही पट्टी एकाच बोटांनी वाजवे आणि मुलीपेक्षा सफाईनं वाजवे. पण बटण एकदा चुकलं की अख्खं पद दुसऱ्या पट्टीत निघतं, आणि ते २० ऑक्टोबरच्या तालमीत झालंही.

ऑर्गनचा भाता उंदरांनी एका कोपऱ्यात कुरतडला होता, हवा गळत होती. आतून चामड्याचा तुकडा चिकटवला. तबल्याच्या दोन पुड्या बदलल्या. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यानंतर लाकूड आकसून फटी पडतात आणि पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. वाद्यं जूनपासून ऑगस्टपर्यंत बंद खोलीत पडली की सप्टेंबरात हेच काम निघतं.

पैसे आणि परवानग्या

उरलेले दोन चेक मंडप आणि ध्वनी-प्रकाशवाल्याच्या आगाऊ रकमेला गेले. कोषाध्यक्ष दिवाळीत यायचे होते, तोवर तीन सभासदांनी पैसे उसने दिले. ठराव करून, पावती देऊन. बदल अर्ज दाखल केला, पण त्यावर नोंद होऊन परिशिष्ट १ ची (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या उताऱ्याची) प्रत हातात येईपर्यंत प्रयोग होऊन गेला होता. बँकेनं ती प्रत मिळेपर्यंत नवी सही घेतली नाही, आणि त्यात बँकेची काही चूक नाही.

खर्चाचा ताळमेळ असा: मंडप-रंगमंच २२,०००, ध्वनी-प्रकाश २४,०००, जनरेटर डिझेलसह ९,०००, कपडेपट, दागिन्यांचं भाडं आणि रंगभूषा ११,०००, वाद्यदुरुस्ती ६,५००, छपाई आणि चहापाणी ४,५००. एकूण ७७,०००. जमा: ४१० तिकिटं पन्नासची, म्हणजे २०,५००, आणि देणग्या ३८,०००. तूट १८,५००. नाटकाचं तिकीट पाचशे रुपयांपर्यंत असलं की त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे तिथं डोकेदुखी नव्हती.

जनरेटर १५ केव्हीएचा. प्रत्यक्षात त्यावर साधारण १२ किलोवॉट ओढता येतात. प्रकाशवाला हजार वॉटचे बारा दिवे लावणार होता. ध्वनीचे दोन किलोवॉट धरले तर ते बसत नव्हतं. आठ दिवे ठेवले.

५ नोव्हेंबर

नांदी बाईंनी वाजवली. हातपेटी, उजवा हात त्यांचा, भाता कीबोर्डवाल्या मुलाचा. नांदीला इशारा नसतो, कुणाच्या वाक्याची वाट पाहायची नसते, म्हणून हा प्रयोग तिथंच सुरक्षित होता. त्यानंतर त्या विंगेत वही घेऊन बसल्या आणि प्रॉम्प्टिंग दुसऱ्याकडे दिलं.

साथीला उजव्या विंगेत जागा केली होती. पहिल्याच प्रवेशात डाव्या कोपऱ्यातून गाणाऱ्या स्त्रीला ऑर्गन ऐकू येईना आणि ती सुरातून उतरली. रंगीत तालीम रिकाम्या मैदानावर झाली होती, तेव्हा ऐकू येत होतं. माणसं भरली की आवाज खातात. मध्यंतरात एक छोटा मॉनिटर स्पीकर डाव्या विंगेत ठेवला. तो आधीच ठेवायला हवा होता, त्याचं भाडंही ध्वनीवाल्याच्या बिलात धरलेलं होतं.

दुसरा त्रास थंडीचा. संध्याकाळी दिवे लागल्यावर ताणलेला तबला नऊच्या सुमारास दवानं ढिला होऊन जवळजवळ अर्धा सूर उतरला. दुसरा तबला मात्र साठ वॉटच्या बल्बखाली खोक्यात ठेवलेला, तो टिकला. पहिल्याला तीन पदांमध्ये दोनदा हातोडी लागली.

वीज एकदाच गेली, तेराव्या पदात. जनरेटर सुरू होईपर्यंत कीबोर्ड आणि माइक बंद. ऑर्गन, तबला आणि पुरुष नट चालू राहिले, प्रेक्षकांना वाटलं असंच बसवलंय. आठव्या पदाला तोच नट अपेक्षेप्रमाणे अंतरा गाळून गेला. मुलगी ‘मोडलं तर’ प्रमाणे ध्रुवपदावर गेली, तो मात्र तिसऱ्या अंतऱ्याला गेला होता. दोन आवर्तनं गोंधळ. सोळावं पद पूर्ण कोसळलं. शब्द विसरला, प्रॉम्प्टरनं चुकीची ओळ दिली, पद सोडून गद्यावर आले. १७ पैकी १५ पदं नीट गेली. नऊ पन्नासला पडदा पडला.

नंतर

२०२३ च्या जूनमध्ये ती मुलगी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली. कुणीही हे धरून चालायला हवं होतं, एकोणीस वर्षांची शिकणारी मुलगी गावात राहणार नाही. वहीवरून तिसरा वाजवणारा, एका भजनी मंडळाचा पेटीवाला, तयार केला. त्याला सूर आणि ताल महिन्याभरात आले. पण थांबे आले नाहीत. वहीत ‘सा धरायचा’ एवढंच होतं, किती वेळ ते नव्हतं. मुलगी बाईंच्या समोर बसून ते शिकली होती, तिला लिहायची गरज वाटली नाही.

संस्थापक आणि नवे वाजवणारे यांच्यात खटके उडायचे थांबलेले नाहीत. तालमीत बाई मध्येच गाऊ लागत आणि पेटीवाला नटाऐवजी त्यांच्यामागे जाई. आता आठवड्यातून तीनच दिवस त्या येतात, पाचव्या रांगेत बसतात आणि सूचना तालीम संपल्यावर देतात. हा नियम त्यांना मान्य आहे असं नाही, पण त्या पाळतात. बदल अर्ज मंजूर झाला, नवे सचिव खात्यावर आले, उसने पैसे दोन हप्त्यांत परत गेले. कोऱ्या सह्यांची पद्धत बंद झाली.

वेगळं काय करता आलं असतं

वही झटक्यानंतर सुरू झाली, हे उघड आहे. पण आधी सुरू केली असती तरी स्वरलेखनावर भर दिला असता, आणि मंडळीचं अडलं ते स्वरांवर नव्हे, इशाऱ्यांवर. ज्या मंडळीला सध्या धडधाकट संस्थापक आहे तिनं आधी फक्त इशारे, पट्टी, तबला आणि ‘मोडलं तर’ एवढं लिहावं. त्याला एका नाटकाला चार-पाच संध्याकाळी पुरतात. स्वर नंतर, कारण ते ऐकून परत मिळवता येतात.

प्रत्येक पदाचं पेटीजवळ फोन ठेवून ध्वनिमुद्रण करावं, आणि प्रयोगात करावं, घरी नाही. लय आणि थांबे दोन्ही तिथंच खरे असतात. विंगेतला प्रॉम्प्टर पहिल्या तालमीपासून हवा. सोळावं पद पडलं ते प्रॉम्प्टर शेवटच्या आठवड्यात नेमल्यामुळे.

बैठकीला बाईंना बोलावलं असतं तर सहा संध्याकाळी वाचल्या असत्या. त्या आजारी होत्या हे खरं, पण ११ सप्टेंबरला त्या घरी होत्या आणि बोलत होत्या. फोन लावून यादी वाचून दाखवणं अर्ध्या तासाचं काम होतं.

मुलीबरोबरच दुसऱ्या पेटीवाल्याला त्याच वर्षी निम्मी पदं द्यायला हवी होती की नाही, यावर मंडळीत अजून एकमत नाही. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, तेवढ्या वेळात दोघंही कच्चे राहिले असते. ते पटण्यासारखं आहे. पण जानेवारीपासून ते सुरू करायला कुणी अडवलं नव्हतं.

गाळलेली नऊ पदं वहीत नाहीत. ती आता बाई फोनवर गाऊन पाठवतात, एका आठवड्याला एक. त्यांतल्या दोन पदांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी चाल आली आहे. कोणती खरी असं विचारलं तर दोन्ही खऱ्या म्हणतात, एक १९९९ ची, एक नंतरची. दोन्ही लिहून घेतल्या आहेत, प्रत्येकीला वेगळं पान.